नऊ कार्डं, चाळीस भाकऱ्या

६ डिसेंबर १९३६, रविवार. सोलापूर.
सायकॉलॉजीचं पुस्तक संपवलं. थरारून गेलो! लहानपणी माणसाला जे मिळत नाही, तेच तो जन्मभर मागत फिरतो. उद्यापासून मिलच्या ऑफिसात सगळ्यांची लहानपणं तपासायची. माझं तपासून झालं, पाच मिनिटांत. एकदम नॉर्मल.

८ डिसेंबर.
हेडक्लार्क चनबसप्पा तासातासाला सगळ्यांपुढे पानाचा डबा धरतात. प्रेमाची भूक! लहानपणी तुमचे लाड झाले नसणार, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हणाले, आठ भावंडांत शेंडेफळ मी, मांडीवरून खाली उतरू देत नव्हते की! पुस्तकात हेच लिहिलंय: पेशंट कबूल करत नाही.
आज मला पान दिलं नाही.

१२ डिसेंबर, सायंकाळी ५.
२० तारखेला वाढदिवस. सोलापुरात दीड वर्ष झालं, माझ्याकडे अजून कोणी जेवलेलं नाही. मला गरज नाही. ऑफिसातल्यांना आहे. नऊ जणांना कार्डं दिली: दुपारी बारा, शार्प.
घरमालकीण गंगम्मा, अंगणापलीकडच्या, चाळीस कडक भाकऱ्या करून देणार. नववं कार्ड त्यांनाच. विचारत होत्या, पानं मांडल्यावर बोलवायला कुणाला धाडणार रे तम्मा? म्हटलं, कार्डावर टाइम आहे. म्हणाल्या, हाक मारल्याबिगर कोण उठून येतंय व्हय!
दुसऱ्यावर हुकूम चालवायची न्यूरॉटिक गरज. बिचाऱ्या.

१५ डिसेंबर.
हाका मारणं मला मुळातच पसंत नाही. कारण साधं आहे. सहाव्या वर्षी पुण्याच्या बोर्डिंगात टाकलं. शनिवारी ज्याचे वडील न्यायला येत, त्याचं नाव शिपाई गेटवरून ओरडायचा. मी डोक्याला तेल लावून ट्रंकेवर बसायचो. गेट बंद होईपर्यंत. त्यामुळे शांत बसायची उत्तम सवय लागली. वडील बिझी असत. माझ्यावर परिणाम शून्य.

२० डिसेंबर, रविवार.
११.३०. दहा पानं मांडली. वांग्याची भाजी, शेंगाचटणी, दही.
१२.००. शार्प. कोणी नाही.
१२.४०. आपल्या लोकांना टाइमची शिस्तच नाही.
१.३०. गंगम्मा नवं इरकली लुगडं नेसून त्यांच्या उंबऱ्यात बसल्यात. इकडेच बघतायत. मी मान हलवली. त्यांनीही हलवली. उठल्या नाहीत.
२.३०. पाट पाहुण्यांसाठी मांडलेत, म्हणून मी ट्रंकेवर बसलोय.
४.००. भाजी गार. नऊच्या नऊ न्यूरॉटिक.

२१ डिसेंबर.
चनबसप्पा सगळ्या ऑफिसादेखत म्हणाले, उपाशी मारलंस की रे आम्हाला! दोनपर्यंत रेशमी धोतर नेसून बसलो, पोरं रडायला लागली, तुझं बोलावणं काही येईना. बाकीचेही तसेच बसले होते म्हणे, आपापल्या घरी.
नऊ माणसं एकाच वेळी, माझ्यासाठी, आंघोळी करून तयार! हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.
म्हटलं, २७ ला या. म्हणाले, येतो की, नुसती दारात येऊन एक हाक मार.
प्लॅन पक्का. आधी चनबसप्पा, मग ओळीने सगळे. सरावासाठी खोलीत चार हाका मारल्या. आवाज खणखणीत आहे.

२७ डिसेंबर, रविवार.
बाराला चनबसप्पांच्या दारात पोचलो. आत पोरं हसत होती. एकच हाक मारायची होती. घसा बसला. थंडीची हवा, दुसरं काही नाही. मफलर न्यायला हवा होता. थोडा वेळ उभा राहून परत आलो.
कडक भाकरी महिनाभर टिकते, असं गंगम्मा म्हणाल्या होत्या. मोठी सोय. आज अकरावी खाल्ली.