गल्ली धाकट्याने झाडली नाही, मी झाडली

तीर्थस्वरूप दादा,

गेल्या रविवारी उजाडायच्या आत मी उठलो, देवापुढे हात जोडले आणि आमची सबंध गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून काढली. पत्राची सुरुवात अशी करू नये, आधी नमस्कार लिहावा, हे मला कळतं. पण हे वाक्य आठवडाभर घशात अडकलंय, ते आधी बाहेर पडू दे. आता नमस्कार. तुला एक, आणि वहिनींना जरा जास्त वाकून एक (तू नमस्कार घेताना पेपरातून मान वर काढत नाहीस, त्या निदान "पुरे, पुरे" तरी म्हणतात). तुझा गुडघा कसा आहे? दुकानाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरत जा. कठडा धरल्याने माणूस म्हातारा दिसत नाही, पडल्यावर दिसतो. इकडे आम्ही देवाच्या कृपेने खुशाल आहोत. माझं चित्त तेवढं थाऱ्यावर नाही. गिऱ्हाइकांची पुस्तकं बाइंडिंग करायला बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. काल खळ शिजवताना दारापर्यंत इतक्या येरझाऱ्या घातल्या की खळ करपून तळाला लागली. आज एका प्राध्यापकांच्या जाडजूड प्रबंधाला मी पुठ्ठा उलटा लावला. (ते घेऊनही गेले. प्रबंध कुणी उघडत नाही म्हणतात ते खरं असावं.)

मंगळवारी तू फोनवर म्हणालास, "धाकट्याला शनिवारच्या गाडीने परत पाठव. लोकांच्या गल्ल्या झाडायला मी माझा मुलगा कॉलेजात घातलेला नाही." मी "हो दादा" म्हणालो. फोनवर मी तुला नेहमीच "हो दादा" म्हणतो, कारण दुसरं काही म्हणायला तोंड उघडेपर्यंत तू फोन ठेवलेला असतोस. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही. कुणीतरी तुला तो फोटो दाखवला, त्यात तुझा मुलगा खराटा धरून उभा, मागे कापडी फलक, त्यावर 'विद्यार्थी नेतृत्व प्रशिक्षण : विविधता आणि समाजसेवा', आणि तुझं डोकं तापलं. फोटो खरा आहे. पण देवाशपथ सांगतो, तुझ्या मुलाने त्या दिवशी काडीसुद्धा झाडली नाही. ते कसं, हे सविस्तर लिहितो. पोरगा जायचा की राहायचा हे त्यावर ठरायचं आहे, तेव्हा समोर गिऱ्हाईक असलं तर त्याला बसव आणि वाच.

आपल्या गावच्या शाळेत पुढारी कोण, तर गुरुजी छडी विसरले की ती धावत आणून देणारा. आणि पहिली छडीही त्यालाच (तू दोन वर्षं पुढारी होतास, मला तुझे हात आठवतात). इथे त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं. पहिल्या दिवशी प्रशिक्षणवाल्या सरांनी विचारलं, कुणाकुणाला पुढारी व्हायचंय, हात वर करा. सगळ्या वर्गाने हात वर केले. धाकट्याने केला नाही. सरांना वाटलं, हा निरिच्छ आहे, हाच खरा; आणि त्याला एका गटाचा पुढारी करून टाकला. (खरं कारण त्याने मला नंतर सांगितलं. शर्ट काखेत उसवला होता.) मग विविधता. नियम असा की गटात एकासारखा दुसरा नको. धाकट्याच्या गटात एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही, पण ओठांकडे पाहून सगळं कळतं, अगदी रस्त्यापलीकडचंसुद्धा. तिने स्वतःचं नाव 'रडार' ठेवलंय. सरांनी तिच्यासमोर पुटपुटणं बंद केलं आहे. दुसरा एक मुलगा फार लांबून आलाय, त्याची भाषा इथे कुणालाच येत नाही. त्याला सगळे 'पाहुणा' म्हणतात. आमच्या हिने त्याला जेवायला बोलावलं, तेव्हापासून "अजून थोडं वाढा" एवढं आपलं वाक्य तो स्वच्छ बोलतो, आणि त्याचं अडत नाही.

तर या गटाच्या वाट्याला समाजसेवेसाठी आमचीच गल्ली आली. शनिवारी धाकटा म्हणाला, "काका, उद्या आम्ही सगळे येतोय गल्लीत." आता तूच सांग, घरी चार पोरं येणार म्हटल्यावर आपल्या आईने आधी काय केलं असतं? अंगण झाडलं असतं. मलाही दुसरं काही सुचलं नाही. (पोरं झाडायलाच येणार आहेत हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं, आणि पाहुण्यांच्या नजरेला घाण पडू देणं वेगळं.) मला झाडताना पाहून समोरच्या शिवणवाल्या मावशी बादली घेऊन बाहेर आल्या. "एकटेच पुण्य कमावताय होय?" म्हणाल्या, आणि पाणी मारायला लागल्या. त्यांना पाहून कोपऱ्यावरचे निवृत्त कंपाउंडर बाहेर आले. त्यांचं आणि मावशींचं गटारावरून फार जुनं वाकडं. मावशींचं पाणी आपल्या दारात तुंबायला नको म्हणून त्यांनी बाह्या सरसावून अख्खं गटारच उपसलं. ऊन पडेपर्यंत गल्ली अशी लख्ख झाली की दूधवाला आत शिरला आणि चुकलो म्हणून परत फिरला.

मग पोरं आली. हातात नवे कोरे खराटे, सरांच्या हातात मोजे. सरांनी गल्ली पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, आता 'आधी'चा फोटो कसा काढायचा?" 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो त्यांना लागतात, आणि आमच्याकडे फक्त 'नंतर' शिल्लक होतं. गल्ली ओशाळली रे दादा. पोरं सुट्टीच्या दिवशी आपल्या दारी आली आणि त्यांना द्यायला घरात कचरा नाही! कंपाउंडर गुपचूप आत गेले आणि आपली केराची बादली आणून दारात पालथी केली. मावशी म्हणाल्या, "त्यांचा कचरा चालतो, मग माझ्यात काय वाईट आहे?" आणि चिंध्यांचं गाठोडं सोडलं. मग मीही दुकानातली कागदाची कात्रणं आणून पसरली. सर म्हणाले, "याने घाण वाटत नाही हो, सत्कार वाटतो." कंपाउंडर माझ्याकडे बघून म्हणाले, "साधी घाण करता येत नाही तुम्हाला?" मला मनापासून वाईट वाटलं.

इतक्यात रडारने धाकट्याची बाही ओढली. मावशी खिडकीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होत्या, ते तिने लांबून टिपलं होतं. धाकट्याने ते ऐकलं, सरांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आता कुणी कचरा टाकायचा नाही. आणि टाकलाय तो ज्याचा त्याने उचलायचा. काका, तुम्हीसुद्धा." दादा, आवाज हळूच होता, पण वाक्य शेवटपर्यंत गेलं. गिऱ्हाइकाला भाव सांगताना याची मान खाली जाते, तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणूनच तू त्याला माझ्याकडे पाठवलास ना? मी कात्रणं उचलता उचलता ऐकत होतो. सर म्हणाले, "मग सेवा काय करणार?" तो म्हणाला, "त्यांनाच विचारतो." आणि दारोदार जाऊन त्याने विचारलं.

मावशी पुटपुटत होत्या ते हे, की कचऱ्याचं राहू द्या, कुणी सुईत दोरा ओवून दिला असता तर बरं झालं असतं; डोळे गेले माझे. मग दुपारपर्यंत पोरं सुया ओवत बसली. पाहुण्याचा हात सगळ्यात स्थिर. मावशी त्याला शाबासकी देत आणि तो "अजून थोडं वाढा" म्हणे, की त्या आणखी सुया पुढे करत. कंपाउंडरांना कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला न्यायचं होतं. पोरांनी घाम गाळून नेलं. त्यांनी दारातून पाहिलं, मान कलती करून पाहिलं आणि म्हणाले, "पूर्वीच बरं होतं." पोरांनी परत आणलं. सरांनी 'आधी' आणि 'नंतर' दोन्ही फोटो काढले, दोन्ही एकसारखे आले. सुईतला दोरा तर फोटोत दिसतच नाही. शेवटी सर रडकुंडीला आले, तेव्हा त्यांची दया येऊन धाकट्याने एक खराटा हातात धरला आणि एक फोटो काढू दिला. तोच तुझ्यापर्यंत पोचला. तेव्हा त्या फोटोवरून राग धरू नकोस.

हे सगळं तुला मंगळवारीच सांगायला हवं होतं. फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "तुम्हाला स्वतःचं तोंड आहे, की तेही दादांनी दिलंय?" मी म्हटलं, मोठ्या भावाचा मान ठेवावा लागतो. ती म्हणाली, "मान ठेवा. त्यापायी पोराला कशाला उचलून गाडीत ठेवताय?" तेव्हापासून मी खोलीतून गल्लीत आणि गल्लीतून खोलीत फिरतोय. प्रार्थनेला बसलो तर देवही विचारतोय असं वाटतं, की बाबा रे, हो म्हणालास खरा, पण तुझं म्हणणं काय? बाकी ठीक. गुडघ्याला जपावं. पोराला पाठवायचं की कसं, ते तू म्हणशील तसं.

तुझा आज्ञेतला,
धाकटा भाऊ

ता. क. वर काडी झाडली नाही असं लिहिलं, ते फक्त रविवारपुरतं खरं आहे. बुधवारी गटार पुन्हा तुंबलं, आणि धाकट्याने कंपाउंडरांच्या बरोबरीने ते उपसलं, कोपरापर्यंत हात घालून. फोटो कुणी काढला नाही, त्यामुळे तुला कळलंही नसतं. पण शपथ घेतल्यावर अर्धंच सांगणं बरं नव्हे. जेवल्यावर आता तो स्वतःचं ताटही उचलतो. वहिनींना हे एकदम सांगू नकोस, आधी बसायला सांग.

आणखी एक ता. क. हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. येत्या रविवारी दुपारी प्रशिक्षणाचा शेवटचा कार्यक्रम आहे. प्रत्येक मुलाने घरातलं असं एक माणूस आणायचं, ज्याचं आणि आपलं अजिबात पटत नाही. विविधतेसाठी. दोघांनी समोरासमोर खुर्च्यांवर बसायचं. आधी मुलगा बोलणार. तो संपवीपर्यंत मोठ्या माणसाने मध्ये बोलायचं नाही, आणि मग त्याने काय म्हटलं ते स्वतःच्या तोंडाने सांगून दाखवायचं. त्यानंतर मोठ्याने हवं ते बोलावं. धाकट्याने तुझं नाव दिलंय. सर म्हणाले, इतकं चांगलं उदाहरण वर्गात दुसऱ्या कुणाचं नाही. तुला वेगळी तयारी करावी लागणार नाही, जसा आहेस तसा ये. फक्त मध्ये न बोलण्याचा भाग तुला जड जाईल. घरी तुझ्यापुढे त्याला बोलता येत नाही, दादा. मला तरी कुठे येतं?

शेवटचं ता. क. हे मी आज शनिवारी स्टँडवर, भिंतीला कागद टेकवून लिहितोय, अक्षर सांभाळून घे. सकाळी धाकट्याला सांगितलं, "तू जात नाहीस." तो म्हणाला, "बाबा काय म्हणाले?" मी म्हटलं, "त्यांना अजून विचारलेलं नाही." तू संध्याकाळी थांब्यावर पोराला उतरवून घ्यायला उभा असशील. पोरगा उतरणार नाही. ड्रायव्हर उतरेल आणि हे पाकीट तुझ्या हातात देईल. त्याच्यावर ओरडू नकोस, तो भला माणूस आहे. तीच गाडी पहाटे इकडे परत निघते. पाकिटात तिकीट आहे, तुझ्या नावाचं, खिडकीजवळचं, पाय पसरता येतील असं. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. पाकीट बंद करून देतोय त्याला.