लायसन येईपर्यंत

ठाणे, ७ नोव्हेंबर १८८७
कचेरीच्या दारावर जाहिरात लागली. नव्या सालापासून जमिनीची दलाली करणाऱ्याने आणि खरेदीखतं लिहिणाऱ्याने सरकारी परीक्षा देऊन लायसन घ्यायचं. नाहीतर आवारात बसायचं नाही. उत्तम कल्पना. अर्धवट माणसं गळतील. मी तेवीस वर्षं इथे बसतो, मला परीक्षेशिवाय मिळेल. तसा अर्ज केला. अक्षर असं काढलंय की साहेब चाट पडेल.

९ नोव्हेंबर
कळव्याची रोझाबाय आली. नवरा व्हॅलेरियन गेल्यापासून एकटी शेत बघते. मुलीचं, विनिफ्रेडचं, लग्न जानेवारीत. त्यासाठी खाडीकडचं शेत विकायचं. गिऱ्हाईक मीच आणलं: कल्याणचा उत्तमचंद, भाताचा व्यापारी. रोझाबाय म्हणाली, भाऊ, होडीने येऊन जागा एकदा बघून जा. म्हटलं, गरज नाही, कळवा मला तोंडपाठ. व्हॅलेरियनचे जुने कागद माझ्या पेटीत आहेतच. त्यावरून खत उतरवलं. एका बैठकीत!

१२ नोव्हेंबर
खत रजिस्टर झालं. रोझाबायला वाचून दाखवलं. म्हणजे सारांश सांगितला. अंगठा झाला.

२१ नोव्हेंबर
अर्ज नामंजूर. परीक्षा सर्वांना. हरकत नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठून कायदा वाचणार.

२२ नोव्हेंबर, सकाळी नऊ
थंडी फार. कायद्याचं पुस्तक उशाशी ठेवलं आहे.

४ डिसेंबर
पान सातवर आहे. कुटुंब म्हणतं, मागच्या रविवारीही सातवरच होतात. बायकांना पक्कं वाचन म्हणजे काय ते कळत नाही.

१५ डिसेंबर
परीक्षा झाली. स्वतः लिहिलेल्या एका खताचा मजकूर उतरवा, असा प्रश्न. रोझाबायचंच ताजं खत चतुःसीमांसह उतरवलं. तोंडी परीक्षेत आनंदराव म्हणून पोरगेला परीक्षक. विचारलं, शेताच्या पश्चिमेला ह्युबर्टचा ओटा कसा? सांगितलं, ह्युबर्ट रोझाबायचा दीर, तो बसत असेल तिथे. मग विचारलं, शेतात विहीर आणि स्वयंपाकघर? म्हटलं, कळव्याला असतं.
त्याने कागदावर काहीतरी टिपून घेतलं. खूश झाला असावा.

सायंकाळी
पेटीतले कागद काढून पाहिले. शेताचा सर्व्हे नंबर ४१. घराचा १४. खतात १४ पडला आहे. चतुःसीमाही घराच्याच.
कारकुनाने कागद नीट लावून ठेवायला नकोत का? मला कारकून नाही, हा सरकारचा दोष.

१९ डिसेंबर
उत्तमचंदने रोझाबायच्या घराला कुलूप घातलं. मायलेकी ह्युबर्टच्या ओट्यावर. उत्तमचंद म्हणतो, मी घर मागितलं नव्हतं, पण कागद घर म्हणतो, आणि घर रस्त्याला आहे.

२० डिसेंबर
रोझाबाय येऊन दारात बसली. आरडाओरडा करील म्हणून मी दोन वाक्यं तयार ठेवली होती. ती हळूच म्हणाली, भाऊ, तू वाचलास तवा शेताचा नाव घेतलास, घराचा नाय. मी काय वाचणार होते?
तयार वाक्यं उपयोगी पडली नाहीत.
रजिस्ट्रारने तिला सांगितलंय: लिहिणाऱ्याने समक्ष येऊन चूक कबूल केली, तर कागद दुरुस्त होईल. सोपं आहे. जाणारच. फक्त लायसनचा निकाल लागू दे. आत्ता कबूल केलं तर निकाल बिघडेल, आणि लायसन असलेल्या माणसाच्या शब्दाला वजनही जास्त. म्हणजे थांबणं तिच्याच फायद्याचं. तिला समजावलं. ती उठून गेली. पाणीही न घेता.

२५ डिसेंबर
नाताळ. कचेरी बंद. जाणार होतो. कुटुंबाने विचारलं, त्या मायलेकींनी आज कुठे रांधलं असेल? जेवण नीट गेलं नाही. वांगं जड असावं.

३ जानेवारी १८८८
ह्युबर्ट भेटला. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. म्हणाले, ज्यांना स्वतःचं घर ठेवता आलं नाही, त्यांची पोर कशी करायची? ह्युबर्ट रागावला नाही. मी विचारलं, विनिफ्रेड कशी आहे? तो म्हणाला, चर्चलासुद्धा येत नाय.
उद्या जाणार.

४ जानेवारी
पाय दुखतो.

९ जानेवारी
निकाल लागला. नापास. शेरा: "चतुःसीमांचे ज्ञान नाही." अकरा जणांत एकटा मी. वशिला, दुसरं काय.
कुटुंब म्हणालं, आता कशासाठी थांबायचं उरलं?
पाय अजून दुखतो, असं सांगितलं.

११ जानेवारी
कचेरीत गेलो. स्वेच्छेने. समन्स सकाळी आलं होतं, पण मी तसाही निघणारच होतो.
रजिस्ट्रारपुढे म्हणालो, चूक माझी. जागा पाहिली नाही, खत वाचून दाखवलं नाही. पुढेही बोलणार होतो, पण रजिस्ट्रारने तेवढंच लिहून घेतलं. उत्तमचंदने कुरकुरत दुरुस्ती मान्य केली. किल्ली रोझाबायच्या हातात दिली. तिने ती पदरात बांधली आणि मुलीला घेऊन बंदराकडे चालू लागली. मी म्हटलं, रोझाबाय, लग्नाचं मी बघतो, माझ्या ओळखी आहेत. ती थांबली. म्हणाली, नको भाऊ. तू आता काय बी बघू नको.
जबाबावर सही करताना कारकुनाने विचारलं, धंदा? म्हटलं, दस्तलेखक आणि जमिनीचे दलाल. त्याने मान वर न करता विचारलं, लायसन नंबर?
म्हटलं, तेवीस वर्षं इथे बसतो. त्याने त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि मला म्हणाला, सही इथे, रेघेच्या खाली.