'व' जिंकला!

तीर्थरूप बाबा, लेकीचा नमस्कार, आज जरा ताठ मानेनं!

राज्यातल्या अकरा विद्यापीठांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचं इतिवृत्त मी लिहिते, हे तुम्ही जाणताच. काल मंडळ सर्वांत लहान विद्यापीठ बंद करायला निघालं. अध्यक्षांनी नियम वाचला, "मंडळाची किंवा प्राध्यापक-सभेची संमती."

मी उठलेच. "साहेब, मूळ प्रतीत 'किंवा' नाही, 'व' आहे."

प्रत आणली. 'व'च! म्हणजे दोघांचीही संमती हवी, आणि प्राध्यापकांनी तर साफ नकार दिलेला. विद्यापीठ वाचलं!

छापलेलं मूळ प्रतीशी ताडून बघायची तुमची खोड कामी आली. अध्यक्ष माझ्यावर चिडलेत, पण नोकरी शाबूत आहे, बहुधा. आईला 'बहुधा' सांगू नका.

डोळ्याची पट्टी निघाली का? पत्र धाकटी वाचून दाखवेलच, पण खालचं अक्षर बोटभर मोठं काढलंय. ते तरी स्वतः वाचा.

व

तुमची थोरली