पोटातल्या फरशीचे सांधे

प्रिय लंबू,

पत्र बघून हसशील. एवढा फोन असताना ताईला ही कसली हौस? पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? पाठीचं विचारलं की माझ्या स्वयंपाकावर घसरतोस, आणि मीही वेडी, हसून फोन ठेवते. सोमवारी तुझ्या मणक्याचं दुसरं ऑपरेशन आहे. त्याआधी मला एकदा पूर्ण बोलायचंय, आणि कागदाला मध्येच तोंड घालता येत नाही.

तुझी बायको सांगत होती, पडल्या पडल्या छताचा वाकडा कोपरा दाखवून गवंड्याचा उद्धार करतोस म्हणे. ऐकून जिवाला बरं वाटलं. आमच्या बाथरूमची फरशी तू एका दिवसात बसवलीस आणि सांधे भरायला दोन दिवस घालवलेस, आठवतं? तुझ्या भावोजींनी कुरकुर केली तेव्हा म्हणालास, दिसते ती फरशी, पण पाणी अडवतात ते सांधे. तेव्हा किती चिडवलं होतं मी तुला! हल्ली प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तेच आठवतं.

माझं काम तुला ठाऊक आहे, मेणात बसवलेल्या आतड्याचे पातळ काप काढून काचेवर चढवायचे. सध्या उंदरांचे येतात, काही मॉर्फिन दिलेले, काही न दिलेले. आतड्याचं अस्तर म्हणजे एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी. मॉर्फिनवाल्यांमध्ये त्यांचे सांधे सैल पडलेले दिसतात. आतडं सुस्तावतं, आतला माल तुंबतो, नको ते जंतू माजतात आणि फटींतून रक्तात उतरतात. त्यांना गिळायला बसलेल्या पांढऱ्या पेशीही त्याच औषधाने पेंगुळतात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कळतं मला. पण पाठीच्या दुखण्यासाठी तुला दिलेल्या गोळ्या त्याच घराण्यातल्या आहेत.

आणि परवा तू ऐटीत सांगितलंस की पाठीची गोळी पोटदुखीवरही लागू पडते, म्हणून जुन्या पाकिटातली जास्तीची घेतोस, आणि ताप काय, येतो नि जातो. अरे शहाण्या, पोट त्या गोळीनेच बिघडलेलं असेल, आणि ताप रक्तात उतरलेल्या जंतूंचा असेल तर? ती दुखण्याला गप्प करते, बरं करत नाही. अंगात ताप असताना मणका उघडायचा, आणि डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नाही! तू का लपवलंस तेही कळतं. बाबांची दारू आपण दोघांनी पाहिली आहे. लोक म्हणतील बापावर गेला, ही तुझी भीती. पण तू बाटली शोधत गेला नव्हतास, परांचीवरून पडला होतास. डॉक्टरांनीच दिलेल्या गोळीची शरीराला सवय लागली, त्यात लाज कसली?

आता खरं सांगते. आज सकाळी मी तुला न विचारता तुझ्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, ऑपरेशन थांबवू, आधी ताप कशाचा ते आजच बघू. गोळ्या मनाने एकदम बंद करू नकोस, ते हळूहळू कमी करतील. हे पत्र देणारे भावोजी गाडी घेऊन आलेत, त्यांच्याबरोबर आत्ता नीघ. मी आले असते तर मला हसवून परत पाठवलं असतंस. रागाव. वर्षभर अबोला धर. फक्त अबोला धरायला तू असायला हवास रे.

तुझीच,
चोंबडी ताई