गुडघ्याचं निमित्त

७ जानेवारी, सकाळ

प्रमिलाचा फोन. दादरची जागा विकली. मार्चमध्ये मुलाकडे बंगळुरूला, कायमची. म्हणाली, त्याआधी आठ दिवस माझ्याकडे राहायला ये, नाहीतर मैत्री तोडली समज. मग आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनिग्नाची नक्कल केली. प्रार्थना चालू असताना शिंक दाबणारी सिस्टर. शाळा सुटून जन्म गेला, पण शिंक तश्शीच. मी हसले. आणि झालं.

इथे तरी स्पष्ट लिहिते. हसलं, शिंकलं, खोकलं की माझी लघवी निसटते. वर्ष होऊन गेलं. लिहिलं की! काहीच अवघड नाही. उद्या डॉक्टर ठाकूरांना हेच वाक्य म्हणून दाखवायचं. ते गोळी देतील. महिन्याअखेर मी दादरला, प्रमिलाच्या पलंगावर, पोट धरून हसत.

८ जानेवारी

ठाकूरांचा दवाखाना म्हणजे अगदी घरच्यासारखा. तोच त्याचा तोटा. बाकावर तुळशीरामभाऊ बसलेले, यांच्या जुन्या ऑफिसातले. काउंटरवरून आशालताने मोठ्याने विचारलं, काकू, तुम्हाला काय होतंय? बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, गुडघा.

तुळशीरामभाऊंनी विचारलं, कुठला? मी म्हणाले, डावा.

आत गेल्यावर सुधारता आलं असतं. पण आत आणि बाहेर यांच्यामध्ये नुसता पडदा, आणि पडद्यापलीकडे तुळशीरामभाऊ सगळ्यांना डाव्या गुडघ्याबद्दल माहिती देत होते. डॉक्टरांनी एक्स-रे लिहून दिला. हरकत नाही. एक्स-रे दाखवायला जाईन तेव्हा सांगेन.

१२ जानेवारी

एक्स-रेत झीज निघाली! म्हणजे मी खोटं बोललेच नव्हते. मनावरचं मोठं ओझं उतरलं. या आनंदात दुसरं सांगायचं राहिलं.

विचार केला, गुडघा सुधारला की बाकीचंही सुधारेल. शरीर शेवटी एकच आहे. प्रमिलाला कळवलं, गुडघ्याने धरलंय, फेब्रुवारीत नक्की येते.

१९ जानेवारी

आमची कामवाली गुणाबाई धुणं वाळत घालता घालता म्हणाली, बाय, दिवसाला तीन-तीन परकर? तुमी काय परकर नेसून शेतान जाता काय? मी म्हटलं, अगं, गुडघ्याला तेल लावते, डाग पडतात. तर म्हणाली, यवरा तरास हाय आनि माना सांगला नाय? दुपारी कोन गावच्या तिच्या नणंदेकडून बाटलीभर तेल हजर. वास असा की सुनेने, अंकिताने, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आता ते रोज लावावं लागणार. गुणाबाई वास घेऊन खात्री करते.

२७ जानेवारी

औषधाशिवाय उपाय सापडला. इतका साधा की कुणाला सुचला कसा नाही! पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट. परवापासून चालू आहे. उत्तम फरक.

२८ जानेवारी

मार्केटात मेथी निवडताना चक्कर आली. भाजीवालीने रिक्षात घालून घरी पाठवलं. हितेश ऑफिसातून धावत आला. माझा मुलगा तसा मायाळू आहे, पण मायेत डोकं चालवत नाही. मोठा जग भरून साखर-मीठ-पाणी समोर बसून पाजलं. मग मला शिंक आली.

पुढचं लिहीत नाही. सोफ्याचं कव्हर मीच धुतलं. हितेशला सांगितलं, पाणी सांडलं.

३ फेब्रुवारी

ठाकूरांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मनातून बरं वाटलं. अनोळखी माणूस, एसी, बंद दार. मराठीत जीभ अडखळते म्हणून आरशासमोर इंग्लिश वाक्य पाठ केलं: डॉक्टर, आय हॅव अ स्मॉल डिफिकल्टी. सिस्टर बेनिग्नाने माझ्या उच्चारांना मान डोलावली असती. तिची शिकवणच होती, शरीराबद्दल बोलायचं तर खोकला आणि ताप, त्यापलीकडे मुलीच्या जातीला शरीर नसतं.

वाक्य बिनचूक म्हटलं. डॉक्टरांनी विचारलं, डिफिकल्टी जिना चढताना की उतरताना?

पुढचं इंग्लिश पाठ केलेलं नव्हतं. शेवटी मी करंगळी वर केली. कॉन्व्हेंटमध्ये करंगळी चालत नसे, ती म्युनिसिपालिटीच्या शाळेतली पद्धत. आम्ही उभं राहून मे आय बी एक्स्क्यूज्ड म्हणायचो. पण संकटात माणूस कसली शाळा बघतो. डॉक्टरांनी करंगळी हातात घेतली, पुढेमागे वाकवली आणि म्हणाले, सकाळी जास्त आखडते का? युरिक अ‍ॅसिड तपासायला सांगितलंय.

१२ फेब्रुवारी

फिजिओथेरपी. रूपा नावाची गोड मुलगी आहे, माझ्या नातीच्या वयाची. पायाला वाळूची पिशवी बांधून म्हणाली, काकू, पाय वर उचला, धरून ठेवा. दोन्ही एकाच वेळी जमेना. पाय धरला तर ते सुटतं. घरी आमटी गॅसवर आहे म्हणून उठून आले. तिसऱ्या वेळीही आमटीच. रूपा म्हणाली, काकू, तुमच्याकडे आमटी फार शिजते हो.

१६ फेब्रुवारी

आज रूपाने दार लावून घेतलं. शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, काकू, आणखी काही त्रास आहे का? खोकताना, हसताना वगैरे? पुष्कळ जणींना असतो. व्यायाम आहेत त्याचे, बऱ्याच जणींना फरक पडतो.

सांगायची वाट मोकळी होती. फक्त मान हलवायची होती. पण माझी पाठ एकदम ताठ झाली, हात मांडीवर जुळले आणि तोंडातून बाहेर पडलं, छे, छे! भलतंच काय.

ती म्हणाली, बरं. आणि पुन्हा वाळूची पिशवी बांधली.

घाई नको. ती मुलगी कुठे जात नाही. पुढच्या खेपेला मीच विषय काढेन.

२० फेब्रुवारी

रूपाचं लग्न ठरलं. ती नोकरी सोडून नाशिकला गेली. तिच्या जागी प्रितम नावाचा मुलगा आलाय. मी जाणं बंद केलं.

संध्याकाळी प्रमिलाचा फोन. म्हणाली, यायचं नाही असं सरळ सांग ना, गुडघा-गुडघा काय लावलंयस? मग तीच नरमली. म्हणाली, विमान तुमच्याकडच्या नव्या विमानतळावरूनच आहे. अकरा मार्चला जाता जाता तासभर तुझ्याकडे येते. आणि म्हणाली, सिस्टरची नक्कल मी आयुष्यभर कुणाकुणापुढे केली, पण तुझ्यासारखं कुणी हसलं नाही गं. एकदा तेवढं हसून घेऊ. मग मी जायला मोकळी.

१० मार्च

तयारी पूर्ण. गडद निळी साडी. सोफ्याऐवजी प्लास्टिकची खुर्ची, वर उशी. सकाळपासून पाणी बंद. हसू आलंच तर आईचं शेवटचं आजारपण आठवायचं. या वेळी काही राहिलेलं नाही.

११ मार्च, संध्याकाळ

आली. किती लहान झाली आहे प्रमिला. खांदे पाखरासारखे. बॅगेतून शाळेतला फोटो काढला. व्हरांड्यात शिक्षा म्हणून उभ्या केलेल्या आम्ही दोघी, तोंडावर हात. तिच्यासाठी ओल्या नारळाच्या करंज्या केल्या होत्या. तिने एक घेतली, पदर डोक्यावरून घेतला आणि सुरू झाली. डोळे मिटलेली सिस्टर. थरथरणारं नाक. आवर फादर, हू आर्ट इन... आणि ती शिंक येणार, येणार, येणार.

मी दात आवळले. खुर्चीचे हात घट्ट धरले. आईचा शेवटचा आठवडा डोळ्यांपुढे आणला, मग यांचा.

शिंक यायच्या आधीच प्रमिला थांबली. पदर खाली घेतला. म्हणाली, आता मला पूर्वीसारखं जमत नाही वाटतं. मी म्हटलं, नाही गं, छान झालं. तिने करंजी संपवली. ट्रॅफिक लागेल म्हणून लवकर निघाली. फोटो टेबलावर ठेवून गेली.

खुर्ची कोरडी. साडी कोरडी. इतके महिने प्रयत्न केले त्याचं चीज झालं.

१३ मार्च

बंगळुरूहून प्रमिलाचा मेसेज: तू एकदाही हसली नाहीस. तुझ्या मनात माझ्याबद्दल काही असेल तर सांग. मला आता चैन पडत नाही.

दुपारभर फोन हातात धरून बसले. ते वाक्य लिहिलं. या वहीत पहिल्या दिवशी लिहिलं होतं तेच, सोपं वाक्य. वाचलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग पाठवलं: तसं काही नाही गं. गुडघा फार दुखत होता.

लगेच उत्तर आलं: गुडघ्याला जप.

सोमवारी ठाकूरांनी बोलावलंय. उजवाही दाखवून घेते म्हणते.