काजलच्या फलकाची शिफारस मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, नंदुरबार.

विषय : "शास्त्रज्ञ कोण?" या विद्यार्थी-फलकाची पुरस्कार शिफारस मागे घेण्याबाबत व इ. दहावीची विद्यार्थिनी कु. ममता सुपडू पाटील हिचा विवाह थांबवण्याबाबत.

संदर्भ : मुख्याध्यापकांचा शिफारस प्रस्ताव, दि. १२ जानेवारी २०२६.

महोदय,

अर्जदार मोहिनी नवनीत चौधरी ही निंबखेडे (ता. शहादा) येथील माध्यमिक विद्यालयात अकरा वर्षे विज्ञान शिकवते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने नववीच्या वर्गाला "शास्त्रज्ञाचे चित्र काढा" असे सांगितले. एकेचाळीस मुलामुलींपैकी चाळिसांनी चष्मा, दाढी असलेला पुरुष काढला. काजल सुपडू पाटील हिने साडी नेसलेली, सूक्ष्मदर्शकाशी उभी बाई काढली आणि चेहरा कोरा ठेवला. विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, कोनं तोंड काढू? बाई शास्त्रज्ञ मी देखीच नही."

त्या कोऱ्या चेहऱ्यावरून वर्गाने माणसाच्या उंचीचा प्लायवूडचा फलक केला. चेहऱ्याच्या जागी गोल भोक ठेवले, म्हणजे कोणत्याही मुलीने मागे उभे राहून आपले तोंड तिथे आणावे. मुलांनी अक्षरे रंगवली, वीस पावलांवरून वाचून पाहिली, न वाचता येणारे शब्द खोडले. शेवटी दोनच उरले : "शास्त्रज्ञ कोण?" आठवडे बाजारात हा फलक लावला तेव्हा भाजी विकणाऱ्या मुलीही रांगेत उभ्या राहिल्या. सर्वांत आधी काजल उभी राहिली होती.

मार्च २०२४ मध्ये काजलने दहावीची परीक्षा दिली; पुढे निकाल एक्क्याण्णव टक्के लागला. अकरावी विज्ञानाला शहाद्याला जायचे म्हणत होती. निकालाआधीच, मे महिन्यात, तिचे लग्न लागले. वय सोळा. वडील सुपडू पाटील हे शाळेच्या समितीवर आहेत. हळदीच्या आदल्या दिवशी काजल अर्जदाराच्या दारात येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही बाबाले सांगा ना. तुमनं ऐकतीन." अर्जदाराने "बघते" म्हटले. दुसऱ्या दिवशी ती हळदीला गेली आणि जेवून आली.

मार्च २०२५ मध्ये काजल पहिल्या बाळंतपणात गेली. मुलगी वाचली.

त्यानंतर फलकाबाबत जे घडत आहे ते कार्यालयीन भाषेत कसे लिहावे हे अर्जदारास कळत नाही. फलक व्हरांड्यात उभा आहे. मुली त्याच्यासमोरून जात नाहीत, पाणी प्यायला मैदानाला वळसा घालतात. पाचवीच्या दोघींनी त्या भोकातून काजलताई बघते असे सांगितले. अर्जदाराने त्यांना प्रकाश आणि सावलीचा धडा समजावून दिला. तोच धडा ती रोज शाळा सुटताना स्वतःला देते, आणि तरीही फलकाकडे पाठ करून वर्गाला कुलूप लावू शकत नाही.

दिवाळीनंतर काजलची आई सुंदरबाई शाळेत आली. सरळ फलकामागे गेली. भोकातून तिचा चेहरा बाहेर आला. मग म्हणाली, "आठेतून ती काय देखे, मॅडम?" तिथून ध्वजाचा खांब, उसाचे शेत आणि शहाद्याचा रस्ता दिसतो. हे अर्जदाराने नंतर स्वतः उभे राहून पाहिले.

आता हा फलक राज्य प्रदर्शनात जाणार असून मार्गदर्शक म्हणून अर्जदाराची पुरस्कारासाठी शिफारस झाली आहे. भोक वाईट दिसते, ते बुजवून त्यावर हसरा चेहरा रंगवावा, अशी मुख्याध्यापकांची तोंडी सूचना आहे. अर्जदार ती पाळणार नाही. त्याबद्दल होणारी कारवाई तिला मान्य आहे. पुरस्कार तिला नको.

हा अर्ज आजच करण्याचे कारण वेगळे आहे. शनिवारी सुंदरबाई पुन्हा आली होती. काजलची धाकटी बहीण ममता दहावीत आहे, वय पंधरा. येत्या रविवारी, दि. ८ रोजी, तिचे लग्न काजलच्याच नवऱ्याशी ठरले आहे. बाळाला परकी आई नको, असे दोन्ही घरांचे म्हणणे आहे. सुंदरबाई म्हणाली, "मन्हं घरमां कोन्ही ऐकत नही. तुम्ही लिखा."

म्हणून विनंती की, ग्रामसेवक व पोलिसांना आजच कळवावे, आणि काजलच्या वेळी माहिती असून गप्प राहिल्याबद्दल अर्जदाराची चौकशी लावावी. २०२४ मध्ये हळदीहून परतल्यावर तिने १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक लावला होता. पलीकडून "नाव सांगा" म्हणताच तिने फोन ठेवला. आज सकाळी दहा चाळीसला तिने तो पुन्हा लावला. नाव, गाव, शाळा, सर्व सांगितले. सुपडू पाटलांना हे तिच्याकडूनच कळावे म्हणून अर्ज देऊन ती थेट त्यांच्या घरी जात आहे.

आपल्या चौकशीस हजर राहणारी,
मोहिनी नवनीत चौधरी
सहायक शिक्षिका (विज्ञान)
निंबखेडे, दि. २ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) शिफारस प्रस्तावाची प्रत, अर्जदाराच्या नकारासह.
२) कु. ममता हिच्या जन्मनोंदीची प्रत.
३) कु. ममता हिच्या दहावीच्या हॉलतिकिटाची प्रत. मूळ हॉलतिकीट शाळेत ठेवले आहे. ते तिने स्वतः येऊन न्यावे.