मागे सगळं ठीक

४ फेब्रुवारी
वायरलेसवाला आज पुन्हा आला. हे ज्या बॉम्बफेकी विमानात मागच्या बंदुकीवर होते, त्यातला वायरलेस हा सांभाळायचा; जिवंत सुटलेला तो एकटाच. युद्ध संपेपर्यंत परमुलखात शत्रूच्या कैदेत होता. अजून लंगडतो. सासूबाई त्याला उठूच देत नाहीत. "अजून सांग ना. तिकडे कसा राहायचा तो?" शर्टांची काजं करून करून माझी मान धरलेली, तरी ऐकत बसले.

५ फेब्रुवारी
कारखान्यात फौजेचे शर्ट बंद झाले. आता शाळेच्या पोरांचे. काज तेच.

११ फेब्रुवारी
आज म्हणाला, "विमानात गाणी म्हणून सगळ्यांना हसवायचे." सासूबाई खुदकन हसल्या — हे गेल्याची तार आल्यापासून पहिल्यांदा.

हे — आणि गाणी? चार शब्द बोलायचे तर आधी घसा खाकरायचे. नवरा माझाच होता ना?

१३ फेब्रुवारी
तो कारखान्यावरून चालला होता. फाटकाशी गाठलं. म्हटलं, "ते गात नसत."

"नसतील," तो म्हणाला. मग खाली बघत, "मी त्यांना एकच दिवस ओळखत होतो. आमचा बंदूकवाला तापाने पडला, म्हणून ऐनवेळी त्यांना आमच्यात घातलं."

"मग हे सगळं कशाला?"

"आई विचारतात, कसा होता माझा मुलगा. माहीत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

एक मात्र खरं, म्हणाला. विमानात कानाच्या यंत्रावर ह्यांचा आवाज आला होता — "मागे सगळं ठीक आहे." थोड्या वेळाने शेपटाकडूनच आग लागली.

हे बोलणं मात्र ह्यांचंच. तापाने फणफणले तरी "ठीक आहे" म्हणणारे.

मी म्हटलं, "आता येत जाऊ नका. म्हातारीला खोट्यावर जगवू नका." तो लंगडत निघून गेला.

१८ फेब्रुवारी
रविवार, त्याचा यायचा दिवस. आला नाही. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. अंधार पडल्यावर मीच खुर्ची आत घेतली. चहा दोघींनीच घेतला. घरात भांडं ठेवल्याचाही आवाज मोठा वाटतो.

१९ फेब्रुवारी
कारखान्यात एकाएकी रडू आलं. बायकांना वाटलं, बोटात सुई गेली. तसंच समजू दिलं. कुणासाठी रडले, मलाच नीट कळत नाही. फार थकले आहे.

२१ फेब्रुवारी
सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. हातातलं विणकाम न थांबवता म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझं पोर मी ओळखत नाही होय? अगं, तो आला की तूही घटकाभर ऐकत बसायचीस; त्याला मी तुझ्यासाठी बोलावत होते. जा, घेऊन ये."